सूक शहराचा राहतो तो कशावर: गाळा, ओटा आणि भाडेकरार

प्रश्न असा होता: दोहा, दुबई, मस्कत, कुवेत या शहरांत वातानुकूलित मॉल आले, काही ठिकाणी मेट्रोही आली, तरी जुने सूक, म्हणजे अरब शहरांतले पारंपरिक बाजार, बंद पडले नाहीत, उलट थंडीच्या दिवसांत संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मग हे बाजार आजही शहराची सार्वजनिक जागा म्हणून काम करतात, की ते पर्यटकांसाठी मांडलेला देखावा आहेत?

दोन्ही. एकाच सूकमध्ये एक गल्ली शहराची असते आणि तिला लागून असलेली दुसरी फक्त पाहुण्यांची. कुठली गल्ली कुठल्या बाजूला जाते हे कमानी, मातीचा गिलावा किंवा लाकडी छत पाहून ठरत नाही. गाळा कोणाकडे आहे, किती मुदतीच्या कराराने आहे आणि तिथे काय विकलं जातं, यावर ठरतं. इमारतीची डागडुजी त्या मानाने सोपी असते. ती झाल्यावर गाळ्यात कोण बसणार, इथे बहुतेक प्रकल्प घसरतात.

आधी जुनी घडी समजून घेऊ, कारण आज जे मोडतं ते या घडीतलंच काहीतरी असतं. अरब शहरांतला मुख्य बाजार जामा मशिदीला बिलगून वाढला. ट्यूनिसमध्ये झैतूना मशिदीच्या भिंतीला लागूनच अत्तरवाल्यांची गल्ली आहे, सूक अल-अत्तारीन. फेसमध्ये करवीयीन मशिदीजवळही अत्तारीनच. अत्तरं, पुस्तकं, मेणबत्त्या, रेशीम असे स्वच्छ आणि मोलाचे धंदे मशिदीजवळ. तांबट, लोहार त्यापलीकडे. रंगारी आणि चामडं कमावणारे पाण्याच्या काठाला, शहराच्या कडेला. किमती माल कैसरीयात, म्हणजे रात्री दारं लावून कुलूप घालता येईल अशा बंदिस्त भागात. परगावचे व्यापारी आणि घाऊक माल खानात किंवा वकालात उतरायचा: मधे चौक, खाली वखारी, वर राहायच्या खोल्या. कैरोत सुलतान घुरीची सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची वकाला अजून उभी आहे, तिथे हा आराखडा एका नजरेत कळतो.

त्यामुळे बाजारात येण्याची कारणं खरेदीपलीकडची असत. नमाज, हमाम, मदरसा, काझीकडचं काम, आणि सबील म्हणजे रस्त्यावरची पाणपोई. पैसे न खर्चता दिवसाचे दोन तास तिथे घालवता येत, आणि कुणी 'काय हवंय' म्हणून विचारत नसे. मॉलमध्ये नेमकी हीच सोय नसते. तिथे बसायला बाक असतो, पण तो कुठे आणि किती वेळ बसू द्यायचा हे सुरक्षारक्षकाच्या हातात असतं.

रस्त्याचे नियमही ठरलेले होते. वाद झाला तर रस्ता सात हात धरावा, अशी परंपरा आहे. म्हणजे साधारण सव्वातीन ते साडेतीन मीटर, दोन लादलेले उंट समोरासमोरून जातील इतका. बाजारातल्या गल्ल्या कित्येकदा त्याहून अरुंद. दुकानासमोरच्या पट्टीला फिना म्हणतात. ती वापरायचा हक्क त्या दुकानदाराचा, पण येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण होता कामा नये. अडचण झाली तर मुहतसिब, म्हणजे बाजाराचा निरीक्षक, माल आत घ्यायला लावायचा. वजनं-मापं तपासणं, पिठातली भेसळ पकडणं हेही त्याचंच काम. सार्वजनिक आणि खासगी यांच्यामधला हा पट्टा सूकचा प्राण आहे. मालकी सगळ्यांची, वापर एकाचा, मर्यादा दुसऱ्याच्या वाटेची.

हा पट्टा जवळून पाहायचा तर मस्तबा, म्हणजे दुकानापुढचा ओटा, पाहावा. गाळ्याची जमीन गल्लीपेक्षा गुडघाभर किंवा त्याहून थोडी उंच असते आणि पुढे दगडी ओटा काढलेला असतो. गाळा दोन-तीन मीटर रुंद, आत तेवढाच खोल. दुकानदार काठावर बसतो, ग्राहक खाली गल्लीत उभा राहतो आणि दोघांचे डोळे जवळपास एका पातळीवर येतात. जुन्या दाराला दोन आडव्या फळ्या असत: वरची उचलून टेकवली की सावली, खालची पाडली की बसायला फळी. ग्राहकाला 'आत' जावंच लागत नाही. किंमत विचारून पुढे सरकता येतं, शेजारच्या दुकानदाराशी बोलता येतं, ओट्याच्या कडेला टेकता येतं. घासाघीस गल्लीत होते, त्यामुळे भाव चार लोकांच्या कानावर पडतो. आता या जागी काचेचं दार बसवा. ओटा पाडला जातो, जमीन एका पातळीवर येते, दुकानदार आत काउंटरमागे जातो आणि गल्ली नुसती चालायची वाट उरते. अपंगांच्या चाकाच्या खुर्चीसाठी पातळी सपाट करणं बरोबरच आहे, ते करायलाच हवं. पण मग दुकानाची पुढची बाजू उघडी राहील आणि कडेला बसायची जागा पुन्हा मिळेल, हे आराखड्यात लिहून ठेवावं लागतं. ते कुणी लिहीत नाही.

आता पैशाकडे येऊ. जुन्या सूकमधले कित्येक गाळे वक्फचे असत. गाळ्याचं भाडं एखाद्या मशिदीला, मदरशाला किंवा दवाखान्याला जायचं. त्याच्यावर भाडेकरूचा हक्क चढत गेला. गाळा सोडताना नवा भाडेकरू जुन्याला मोठी रक्कम देई, मालकाला त्यातला काही वाटा मिळे आणि मूळ भाडं नाममात्र राही. या हक्काला अरबीत खुलू म्हणतात, सीरियात फरूग. मुंबईच्या वाचकाला हे समजवायला नको, ही सरळसरळ आपली पागडी आहे. गिरगाव-लालबागच्या चाळींत जे झालं तेच दमास्कस-अलेप्पोच्या सूकमध्ये झालं. चांगली बाजू अशी की साबणवाला, दोरखंडवाला, बी-बियाणंवाला असा कमी नफ्याचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या मोक्याच्या जागी टिकला, आणि त्याच्यामुळे साधा ग्राहक तिथे येत राहिला. वाईट बाजू अशी की भाडं इतकं कमी की छत दुरुस्त करायला मालकाला हौस नाही, आणि वरचा मजला रिकामा पडून कबुतरांचा होतो. म्हणून कुठलाही सूक 'पडका झाला' असं कानावर आलं की भिंती तपासण्याआधी भाडेपावत्या मागवाव्यात. भिंतींची अवस्था पावत्यांवरूनच कळते.

दोह्याचा सूक वाकिफ हे आखातातलं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण. मुशैरिब वादीच्या, म्हणजे एरवी कोरड्या राहणाऱ्या ओढ्याच्या, काठाला, समुद्राजवळ, बदू म्हणजे वाळवंटातले भटके आणि शहरवासी यांच्या व्यवहाराची ही जुनी जागा. तेलाचा पैसा आल्यावर काँक्रीट आणि पत्रे आले, विसाव्या शतकाच्या अखेरीस बाजाराला उतरती कळा लागली आणि २००३ मध्ये आगीत मोठा भाग गेला. पुढच्या वर्षी अमिरी दिवाणाच्या, म्हणजे कतारच्या अमीराच्या दरबाराच्या, खासगी अभियांत्रिकी कार्यालयाने काम हाती घेतलं. कतारी कलावंत मोहम्मद अली अब्दुल्ला यांच्या मार्गदर्शनाखाली जुने फोटो पाहून आणि म्हाताऱ्या मंडळींना विचारून आराखडा जुळवला गेला. साधारण १९५० नंतरची बांधकामं काढली, त्याआधीची दुरुस्त केली, गेलेली पुन्हा उभारली. छताला पत्र्याऐवजी दनशल, म्हणजे लाकडी वासे, त्यावर बांबू, त्यावर चिखल-काडाचा थर. उष्णतेसाठी आत नवं रोधक. काम २००८ च्या सुमारास पुरं झालं आणि २०१० च्या आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या निवडक यादीत आलं.

टीकाकार म्हणतात की हे नवंच बांधकाम आहे, जुन्याचं सोंग. बांधकामापुरतं ते बरंचसं खरं आहे. तरी सूक वाकिफ शहरात रुजला, आणि त्याची कारणं पाहण्यासारखी आहेत. मसाले, भांडी, तंबूचं सामान, पक्षी, कापड यांची दुकानं हॉटेलांच्या लोंढ्यात पुरती वाहून गेली नाहीत. बहिरी ससाण्यांचा बाजार तिथे आहे आणि त्याला जोडून ससाण्यांचं रुग्णालयही. ज्याचा ससाणा आजारी आहे तो माणूस पर्यटक नव्हे. त्याला इथे यावंच लागतं. दामा हा सोंगट्यांचा खेळ खेळणाऱ्या वयस्कर कतारी मंडळींसाठी मजलिस, म्हणजे बैठकीची जागा, आहे, तिथे काही विकत घ्यावं लागत नाही. हातगाडीवाले हमाल आहेत. रमजानच्या मध्यावर गरंगाव या मुलांच्या सणासाठी सुकामेवा आणि मिठाई पोत्यांनी घेणाऱ्या बायका त्यांच्याकडून माल गाडीपर्यंत पोचवतात. गाड्या जमिनीखालच्या वाहनतळात, वर सगळं पायी. २०१९ मध्ये मेट्रोच्या गोल्ड लाइनचं स्थानक अगदी तोंडाशी आलं, त्यामुळे गाडी नसलेला माणूसही सहज येऊ लागला.

आता दुसरी बाजू. मुख्य रस्त्यावर हुक्का आणि जेवणाच्या टेबलांनी फिना गिळली आहे. तिथे बसायचं तर काहीतरी मागवावंच लागतं. आणि आखाती शहरांत एक जुनं दुखणं आहे: कुटुंबाशिवाय राहणाऱ्या मजूर पुरुषांना सुट्टीच्या दिवशी अडवायचं. दोह्यातल्या मॉलमध्ये 'फॅमिली डे'च्या नावाखाली हे उघडपणे चालायचं. लोकसंख्येचा मोठा भाग ज्या लोकांचा, ते शुक्रवारी कुठे बसतात, हा आखातातल्या कुठल्याही जागेच्या सार्वजनिकपणाचा पहिला निकष मी मानतो. सुंदर चौक बांधून कुणाला आत सोडायचं हे गणवेशातला माणूस ठरवणार असेल, तर तो चौक सार्वजनिक नाही. वर छत असो वा आकाश.

या निकषावर दुबईच्या देयराला मी वरचा नंबर देतो, तिथे सौंदर्य कमी असलं तरी. खाडीच्या एका काठाला देयराचे सोने आणि मसाल्यांचे सूक, समोर बर दुबईचा कापडबाजार, मधे अब्रा, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी. साध्या अब्राचं भाडं एक दिरहम. हे एक दिरहम शहर-नियोजनातला फार मोठा निर्णय आहे, कारण त्यामुळे दोन्ही काठ एकच बाजार बनतात आणि पगारावर जगणाऱ्या माणसाला संध्याकाळी पाण्यावरचा वारा मिळतो. जवळचा बनियास चौक सुट्टीच्या दिवशी दक्षिण आशियाई कामगारांनी भरतो: गावाकडची बातमी, उधारी, नोकरीची चौकशी, सगळं तिथे. रत्नागिरी-रायगडकडच्या कित्येक घरांनी गावी जाण्याआधीची खरेदी वर्षानुवर्षं याच गल्ल्यांत केली आहे. हा दुवा जुना आहे. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळा रुपया काढला होता आणि १९६६ मध्ये अवमूल्यन होईपर्यंत दुबई-दोह्याच्या बाजारात तोच चालत होता.

बर दुबईत आणखी एक धडा आहे. कापडबाजाराच्या मागे जुनं हिंदू मंदिर होतं आणि त्याच्या बोळात फुलं, हळदकुंकू, उदबत्त्या, देवांचे फोटो विकणारी चिमुकली दुकानं. २०२२ मध्ये जबल अलीला मोठं नवं मंदिर उघडलं आणि पुढे जुन्या मंदिरातली पूजाअर्चाही तिकडे गेली. गर्दी आणि सुरक्षितता पाहता नवं मंदिर हवंच होतं. पण बोळातला ग्राहक रोजच्या दर्शनाला येणारा होता. खरेदीशिवायचं एक कारण जागेवरून हललं की त्याच्या आधाराने जगणारे दहा-वीस छोटे धंदे उघडे पडतात. देयराचा मासळीबाजारही २०१७ मध्ये वॉटरफ्रंट मार्केटमध्ये गेला. नवी जागा स्वच्छ, थंड, मापात आहे. मात्र मासळीला येणारी बाई परतताना मसाल्याच्या सूकमध्ये डोकावायची, ती वाट तुटली. म्हणून कुठलंही घाऊक किंवा रोजच्या गरजेचं केंद्र हलवण्याआधी, त्याच ग्राहकावर आणखी कोण जगतं हे दुकानागणिक विचारून नोंदवावं.

मस्कतजवळचा मत्रा सूक मला या सगळ्यांत जास्त शिकवणारा वाटतो, कारण तिथे समुद्र, वादी, बंदर आणि बाजार एकमेकांत अडकलेले आहेत. मुख्य गल्ली वादीच्या वाटेवर आहे. एरवी कोरडी. डोंगरात जोराचा पाऊस झाला की पाणी गल्लीतून समुद्राकडे धावतं. जुने गाळे उंच ओट्यावर का, याचं उत्तर इथे मिळतं: ओटा बसायला होताच, पण पाण्यासाठीही होता. फरसबंदी नवी करताना एकावर एक थर चढवत गेलं की गल्ली वर येते, ओट्याची उंची घटते आणि साध्या पुरातही पाणी दुकानात शिरतं. जून २००७ च्या गोनू चक्रीवादळाने मस्कतची वादीकाठची वस्ती किती उघडी आहे ते दाखवलं. नियम सरळ आहे: नवी फरशी घालण्याआधी जुनी उकरा. गल्लीला लांबीत शंभरास एक तरी उतार ठेवा, पाण्याची पन्हळ मधोमध काढा, दुकानाच्या कडेला नको.

मत्राचा बंदराशी संबंध त्याहून महत्त्वाचा. सुलतान काबूस बंदरातली व्यापारी मालवाहतूक २०१४ मध्ये सोहारला हलली आणि मत्राला पर्यटकांची जहाजं उरली. जहाज लागलं की काही तास पुढच्या गल्लीत लोंढा येतो. त्याला लोबान, चांदीचा खंजर, पश्मिनाच्या नावाने शाली हव्या असतात. जहाज गेलं की शुकशुकाट. साहजिकच समोरच्या गाळ्यांत तोच माल भरला. पण पन्नास पावलं आत, डावी-उजवीकडे वळलात की ओमानी बायका कापड मापून घेताना दिसतात, कुम्मा म्हणजे टोप्या, सोन्याचे दागिने, शिलाईचं सामान. दुपारी एकच्या सुमारास दुकानं बंद, चार-पाचला पुन्हा उघडी. हे वेळापत्रक जहाजाचं नाही, शहराचं आहे. जिथे जहाजाचं वेळापत्रक चालू लागतं तिथून सूक शहराच्या हातातून सुटायला लागतो. मत्राला नवा मासळीबाजार २०१७ मध्ये मिळाला, पण तो किनाऱ्यावरच, चालत जाण्याच्या अंतरात. देयरापेक्षा हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

इतर ठिकाणी कशाने घात होतो ते आता तांत्रिक अंगाने.

आग हा पहिला शत्रू. दोहा २००३, दुबईचा नाइफ सूक २००८, कुवेतचा मुबारकिया ३१ मार्च २०२२. अबू धाबीचा जुना मध्यवर्ती सूक तर आगीनंतर पाडलाच गेला आणि त्या जागी नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने आखलेला नवा बाजार आणि मनोरे आले. कारणांचा मेळ बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: पोटमाळ्यावर छतापर्यंत रचलेला माल, एका जोडणीवर चार दुकानांची वीज, वर सलग छत. धूर निघायला वाट नसते आणि ज्वाळा छताखालून आडव्या धावतात. अग्निशमनाचा बंब अडीच मीटर रुंद, त्याला साडेतीन-चार मीटर मोकळी वाट लागते. ती जुन्या गल्लीत नसते, आणि करायची म्हणून गाळे पाडले तर बाजारच जातो. उपाय वेगळा आहे. दर तीस मीटरच्या आत नळीचं रीळ, गल्लीच्या दोन्ही टोकांना पाण्याचे जोड, दर आठ-दहा गाळ्यांनंतर छतापर्यंत चढवलेली आगरोधक भिंत, छताला आपोआप उघडणारे धूरकवाड. आणि रात्री दुकानं मिटल्यावर गल्लीची वीज एका खटक्याने तुटेल अशी सोय; शीतपेट्यांना मात्र वेगळी जोडणी. हा शेवटचा उपाय सगळ्यांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी ठिकाणी केला जातो.

दुसरा शत्रू दुकानागणिक लावलेलं वातानुकूलन. दीड टनाचं एक यंत्र बाहेर साधारण साडेसहा-सात किलोवॉट उष्णता फेकतं. साठ मीटर गल्लीत अशी वीस यंत्रं लावली की सव्वाशे-दीडशे किलोवॉट उष्णता त्याच हवेत, ज्या हवेत लोक चालतात. दमट रात्री प्रत्येकातून तासाला एक-दोन लिटर पाणी ठिबकतं ते वेगळं. मग गल्ली असह्य होते, म्हणून दुकानदार काचेचं दार लावतो, म्हणून गल्लीत थांबायला कारण उरत नाही. गल्लीचा गारवा मुळात सावलीतून, जाड भिंतींतून आणि छतातल्या झरोक्यांनी वर निघणाऱ्या गरम हवेतून येतो. यंत्रं लागणारच, त्याला विरोध करून चालत नाही. पण बाहेरचा भाग गच्चीवर, पाण्याची नळी एकत्र, आणि त्याचा खर्च दुरुस्तीच्या मूळ अंदाजपत्रकात धरलेला हवा. नंतर कुणी एकत्र येत नाही.

तिसरं, रुंदी. साडेतीन मीटर गल्लीत दोन्ही बाजूंना दुकानाशी उभे राहणारे ग्राहक प्रत्येकी पाऊण मीटर घेतात. उरले दोन मीटर. मीटरमागे मिनिटाला चाळीस माणसं जातात तोवर गर्दी हवीहवीशी वाटते, म्हणजे त्या गल्लीत मिनिटाला ऐंशी. एका बाजूला टेबलांची ओळ टाकली की चालायला मीटरभरच उरतो. लेकुरवाळ्या बाया आणि म्हातारी माणसं यायची थांबतात, आणि मोजणीत ते 'गर्दी वाढली' असं दिसतं. टेबलं चौकात ठेवावीत, गल्लीत परवाना देऊ नये. माल उतरवायला पहाटे ते सकाळी दहा अशी वेळ आणि गल्लीच्या तोंडाशी हातगाड्यांसाठी जागा. हमालांना नोंदणी, ठरलेला दर, पाणी आणि सावली. हमाल नसला तर पंचवीस किलोच्या तांदळाचं दुकान सूकमध्ये टिकत नाही, आणि ते गेलं की आठवड्याचं सामान भरणारं घर गेलं.

दोन उलटी उदाहरणं शेजारी ठेवली की भाड्याचा मुद्दा पक्का होतो. बैरुतचे सूक यादवी युद्धात उद्ध्वस्त झाले. पुनर्बांधणी सोलिदेर कंपनीकडे गेली. जुने मालक आणि भाडेकरू यांच्या हक्कांच्या बदल्यात कंपनीचे शेअर दिले गेले. २००९ मध्ये नवे 'बैरुत सूक' उघडले, आराखडा राफाएल मोनेओ यांचा, जुन्या गल्ल्यांची दिशा बरीचशी सांभाळलेली, बांधकाम उत्तम. आणि तरी तिथे ब्रँडची दुकानं आली, भाजीवाला आला नाही. कारण शेअर हातात असलेल्या माणसाकडे गाळा नव्हता. याउलट अलेप्पोचा अल-मदिना सूक: कित्येक किलोमीटर झाकलेल्या गल्ल्या, २०१२ च्या लढाईत जळालेला. तिथल्या सूक अस-सक्तीया या खाद्यपदार्थांच्या गल्लीची दुरुस्ती आगा खान ट्रस्टच्या मदतीने २०१९ मध्ये पुरी झाली. पन्नासेक गाळे, दगडी घुमट पुन्हा बांधलेले, प्रकाशासाठी छतावर सौर पॅनेल. तिथे गाळे जुन्याच हक्कदारांकडे परत द्यायचे असं आधी ठरलं आणि मग दगड घडवायला घेतले. शहर मोडकळीला आलं होतं, ग्राहक थोडा होता. पण जो परतला त्याला ओळखीचा दुकानदार भेटला.

बगदादच्या मुतनब्बी रस्त्याचंही नाव घ्यायला हवं. पुस्तकवाल्यांचा रस्ता, मार्च २००७ च्या बॉम्बस्फोटात उद्ध्वस्त, २०२१ च्या अखेरीस नव्याने दुरुस्त. शुक्रवारी जुनी पुस्तकं फरशीवर मांडून बसणारे आजही तिथे बसू शकतात. फरशीवर बसायची ती परवानगी नव्या दिव्यांपेक्षा मोलाची आहे. कुवेतच्या मुबारकियात बायका जमिनीवर माल मांडून विकतात, त्या सूक अल-हरीमलाही हेच लागू. दुकान घ्यायची ऐपत नसलेल्याला विक्रेता म्हणून जागा मिळते का, हे ग्राहकाइतकंच महत्त्वाचं.

एखाद्या सूकची तपासणी करायची असेल तर मी सुचवेन ती पद्धत अशी. नकाशावर सहा-सात ठिकाणं निवडा: तोंड, मशिदीचं दार, दोन आतल्या गल्ल्या, एक चौक, एक मागची वाट. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, सकाळी दहाला, असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजानंतर आणि रात्री नऊला. एक कामाचा दिवस, एक सुट्टीचा, आणि जमलं तर रमजानातला एक. नुसती डोकी मोजू नका. हातात पिशवी नसलेले किती, बसलेले किती आणि त्यांतले पैसे न देता बसलेले किती, एकट्या बायका, मुलं, कामाच्या कपड्यांतले मजूर, हे वेगळं लिहा. मग प्रत्येक गाळ्याचा माल तीन रकान्यांत टाका: आठवड्याला लागणारा, वर्षा-सहा महिन्यांनी लागणारा, आठवण म्हणून नेण्याचा. तिसरा रकाना एखाद्या गल्लीत निम्म्याच्या पुढे गेला असेल, तर ती गल्ली परत वळवणं फार कठीण असतं. लक्ष शेजारच्या गल्लीवर द्यावं, जिथे तो अजून तिसरा हिस्सा आहे.

आणि करार हातात घ्या. एक वर्षाचा करार असलेला दुकानदार रंग लावेल, पण नवा कारागीर शिकवून तयार करणार नाही. निदान पाच-सात वर्षांची मुदत, भाडेवाढीचा दर आधीच लिहिलेला, दुरुस्तीच्या काळात जवळच तात्पुरता गाळा आणि परत येण्याचा लेखी हक्क, गल्लीनिहाय मालाची यादी, आणि उलाढाल कमी असलेल्या धंद्यांना भाड्यात सूट, जी हॉटेलांच्या जास्त भाड्यातून भरून निघेल. वक्फ जे करत होता तेच हे, फक्त आता पालिकेच्या वहीत. हे सगळं फरशीची निविदा निघण्याच्या आधी सहीशिक्क्यासह झालेलं असावं. निविदा निघाल्यावर गाळ्याचा भाव चढतो आणि मग कुणी ऐकत नाही.